पडून असलेला व्हिडिओ गेम

आमच्या गल्लीत लाइट गेली की तान्ही मुलं दचकून उठायची. घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमागाचे कारखाने, भिंतीला भिंत लागून. लूमचा खडखडाट अष्टौप्रहर चालू, फडताळातल्या स्टीलच्या वाट्यासुद्धा बारीक थरथरत असायच्या, आणि त्याची आम्हाला इतकी सवय की तो आवाज आहे हेच आम्ही विसरून गेलो होतो. लाइट जायची, लूम थांबायचे, आणि मग कुणाच्या घरात काय तळतंय, कोण कुणाला शिव्या देतंय, सगळं ऐकू यायचं. आई महत्त्वाची बोलणी तेवढ्या वेळात उरकून घ्यायची. चुलीवरची तांदळाची भाकरी उलटता उलटता म्हणायची, "काय सांगायचं ते आत्ताच सांगा तुमच्या बापाला. लाइट आली की त्यांच्या कानात काय शिरनार न्हाय." लाइट नसताना, अगदी कानाशी जाऊन ओरडलं तर, आप्पांना चार शब्द कळायचे. एरवी तेही नाही.

आप्पा जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. उभं आयुष्य त्यांनी त्या खडखडाटात काढलं आणि कान तिथंच ठेवून आले. कारखान्यात सगळं बोलणं हातांनी चालायचं. दोन बोटं एकत्र आणून झटक्यात दूर केली की धागा तुटला. तळहात उपडा केला की बाना, म्हणजे कापडातला आडवा धागा, संपला. मिशीवरून बोट फिरवलं की मालक आला, मग मालक सफाचट का असेना. आप्पा घरीसुद्धा कधी कधी तसंच बोलायचे. वाटीतली आमटी संपली की तळहात उपडा. मला त्याचा राग यायचा. मला वाटायचं, या लोकांचे कान घेतले, जीभ घेतली, आणि हे मुकाट्यानं हातवारे करतायत. तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळ्याचाच राग यायचा.

दहावीला बरे गुण पडले म्हणून मामानं मला मुंबईहून व्हिडिओ गेम आणून दिला होता. टीव्हीला पिना लावायच्या, वर कॅसेट खोचायची, दोन बाजूंना दोन रिमोट. त्याच्याबरोबर एकच कॅसेट आली होती, मोटारीची. रस्ता खाली खाली सरकत येतो, समोरून ट्रक येतात, आपण डावी-उजवीकडे व्हायचं, आपटलं की एक गाडी गेली. मी महिनाभर खेळले असेन. मग कॉलेज लागलं, मग मंडळ लागलं, आणि तो डबा टीव्हीच्या टेबलाखाली गेला. त्यावर आईनं विणलेला रुमाल टाकलेला असायचा. दुसरी कॅसेट आमच्या घरात कधी विकत आली नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे, आणि ते वाक्य खरं असूनही मी त्यातून जे काढलं ते खोटं होतं.

मंडळ म्हणजे आमच्या विहारात जमणारी दहाबारा पोरं-पोरी. वस्तीत अभ्यासाला जागा नाही म्हणून विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका काढायची, असं ठरलं होतं. टेबलं, बाकं, पुस्तकं, पंखे, सगळंच हवं होतं. पत्रकं मी लिहायची. सायक्लोस्टाइल केलेली, शाई हाताला लागणारी पत्रकं. मला त्यात गती होती, असं सगळे म्हणायचे. मलाही ते मान्य होतं. 'सवाल असा आहे की' ही माझी आवडती सुरुवात. त्या वेळच्या पत्रकाला मी मथळा दिला होता: 'जे घरात पडून आहे, ते समाजाचं आहे!' घरोघर जायचं, वापरात नसलेल्या वस्तू वहीत लिहून आणायच्या, त्या मागून घ्यायच्या आणि मग त्यांची सोडत काढून अभ्यासिका उभी करायची. लोक शिलाई मशीन द्यायला तयार नसत, रेडिओ द्यायला तयार नसत. मी म्हटलं, व्हिडिओ गेम घ्या. गल्लीत घराआड एक आहे, आणि नुसते धूळ खात पडलेत. गौतमदादा, आमचा अध्यक्ष, म्हणाला, "कशावरून पडलेत? तू प्रत्येकाच्या घरात डोकावलीस का?" मी म्हटलं, "पुरावा आणते."

पुरावा आणायला मी सलीमभाईंच्या दुकानात गेले. तीन बत्तीच्या अलीकडे त्यांचं कॅसेटचं दुकान होतं, पुढं गाण्यांच्या, मागं गेमच्या. मी वही उघडून काउंटरला टेकले आणि विचारलं, सेट किती विकले आणि कॅसेट किती विकल्या. ते हसले. "इन्कमटॅक्सवाली हो क्या, बेटी?" पण माणूस भला, आठवून आठवून सांगितलं. दिवाळीला आणि ईदला सेट जोरात गेले होते. कॅसेट मात्र रखडत. मी तिथंच मांडणी केली, सेटमागं धड दोन कॅसेटसुद्धा पडत नव्हत्या. मी म्हटलं, "म्हणजे लोक नेतात आणि आठ दिवसांत टाकून देतात. खेळत असते तर नवीन कॅसेट घेतली नसती का?" सलीमभाईंनी मान हलवली. "नहीं बेटी, ऐसा नहीं है. कॅसेट बिकती नहीं, घूमती है. एक घर से दूसरे घर. मेरे को मालूम है ना, मेरा ही धंदा बैठाया है लोगों ने." मी ते ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. ऐकलं, आणि वहीत लिहिलं नाही, कारण पत्रक एका पानाचं होतं आणि ते वाक्य आलं असतं तर पत्रकाचं टोक बोथट झालं असतं.

परवा माझा भाचा आला होता. इथं जवळच पूर्णा गावात गोदामात कामाला आहे तो. दिवसभर खोक्यांवर यंत्र धरून टिक टिक करत असतो. तो सांगत होता, "मावशी, आता गेमच्या मशीनचे कंटेनरच्या कंटेनर येतात. आणि एका मशीनमागं किती गेम खपले त्यावरून कळतं लोक खेळतात की नाही." मी म्हटलं, "नाही कळत." तो म्हणाला, "अगं, मोठमोठे लोक तसंच मोजतात." मी म्हटलं, "मोजू देत. विकत घेणं एकदाच होतं, वापरणं रोज होतं. रोजचं मोजायचं तर रोज त्या घरात जाऊन बसावं लागतं." एवढं चढ्या आवाजात बोलायचं काही कारण नव्हतं. तो पोरगा गांगरला आणि चहा पिऊन निघून गेला. त्याला कसं सांगणार?

पत्रक निघालं. 'दुकानातली विक्रीच सांगते, हे डबे मेलेले आहेत!' अशी त्यात ओळ होती. गल्लीत लोकांनी वाचलं आणि एकानंही गेम दिला नाही. एका बाईनं तर दारातूनच वाटेला लावलं, "तुमचा मेला आसंल, आमचा जित्ता हाय." आम्ही हसलो. आता कुणीतरी सुरुवात करायला हवी होती. पत्रक लिहिणारीनंच करायला हवी होती. त्या आठवड्यात आई आप्पांना घेऊन वज्रेश्वरीला गेली होती. आप्पांचे गुडघे धरले होते आणि गरम पाण्याच्या कुंडात तीन दिवस बसवलं तर मोकळे होतील असं तिला कुणी सांगितलं होतं. घरात मी एकटी. मी रुमाल काढला, डबा काढला, पिना गुंडाळल्या, दोन्ही रिमोट आणि ती एकुलती कॅसेट पिशवीत घातली आणि विहारात नेऊन टेबलावर ठेवली. माझीच तर वस्तू होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सोडतीत तो अंबाडीच्या एका जमीनवाल्या शेठच्या चिठ्ठीवर निघाला. अभ्यासिकेला दोन पंखे लागले. तेवढं मात्र खरं.

आप्पा परत आले. हातपाय धुऊन टेबलाजवळ गेले, खाली वाकून पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले. लाइट गेलेलीच होती, मी कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, अभ्यासिकेला दिला. त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं. घडी घालून ते सोबत वज्रेश्वरीला नेलं होतं त्यांनी. म्हणाले, "वाचलं मी. चांगलं लिवतेस." मग पत्रक पुन्हा खिशात ठेवत, "तुझी वस्तू हाय. दिलीस तर दिलीस." आईच्या हातात प्रसादाची पिशवी तशीच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती पिशवी घेऊन चुलीकडे गेली. पण मी आनंदात होते. मला वाटलं, बापानं शाबासकी दिली.

शुक्रवारी कारखाने बंद असायचे. मी एरवी कॉलेजात असे. त्या शुक्रवारी परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी होती म्हणून घरी होते. जेवणं झाली होती, सुकटीचा वास अजून घरात होता, तेवढ्यात अन्सारीचाचा आले. आप्पांच्याच शेडमध्ये लूम चालवायचे. उत्तरेकडचे, उंच, खांद्यात वाकलेले, कानानं आप्पांइतकेच गेलेले. मी त्यांना ओळखत होते, म्हणजे रस्त्यात दिसले तर सलाम करण्याइतपत. ते दर शुक्रवारी आमच्या घरी येतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनी चप्पल काढली, जाजमावर बसले, सदऱ्याच्या खिशातून पांढऱ्या हातरुमालाची पुरचुंडी काढली आणि गाठ सोडली. आत कॅसेट होती. आमची नव्हे. नवीन, म्हणजे आमच्या गल्लीला नवीन. वरचं चित्र हाताळून हाताळून पुसून गेलेलं. ते आप्पांकडे बघून हसले, ती वर धरून दाखवली आणि टीव्हीकडे वळले.

आप्पांनी तळहात उपडा केला.

चाचांनी टेबलाखाली पाहिलं. मग माझ्याकडे. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, "खराब हो गया? सलीम के पास दे दें?" मी खालमानेनं सांगितलं, "नहीं चाचा, दे दिया." त्यांना ऐकू गेलं नाही. आप्पांनीच हातानं काहीतरी सांगितलं, माझ्याकडे बोट केलं, आणि छातीवर हात ठेवला. मला तेव्हा अर्थ लागला नाही. आईनं नंतर सांगितला. पोरीनं शाळेसाठी दिला, अभिमानाची गोष्ट आहे, असं ते म्हणाले होते. चाचांनी मान डोलावली, कॅसेट पुन्हा रुमालात बांधली. आईनं चहा-खारी दिली. दोघं समोरासमोर बसून चहा प्यायले. एकदा चाचा ओरडले, "घुटना कैसा है?" आप्पा ओरडले, "हां, हां, खाना हो गया." दोघंही अवघडून हसले. थोड्या वेळानं चाचा उठून गेले.

ते गेल्यावर आई फुटली. "तुला काय वाटलं गं? आठ ठिकानी सही घेतेस, घरात इचारायचं सुचलं न्हाय?" मग तिनं सांगितलं. दोन वर्षं झाली होती. दर शुक्रवारी दुपारी दोघं बसायचे, टीव्हीचा आवाज बंद करून, कारण असला काय नि नसला काय. एकाच्या हातात रिमोट, दुसरा बाजूला बसून नजर ठेवायचा, ट्रक आला की मांडीवर थाप मारायचा. गाडी आपटली की दोन बोटं झटक्यात दूर, धागा तुटला. मग रिमोट दुसऱ्याच्या हातात. गल्लीतल्या सात-आठ घरांत मिळून चारपाच कॅसेटी होत्या आणि त्या पाळीपाळीनं फिरायच्या. आमची मोटारीची कॅसेट कित्येक घरं हिंडून परत येऊन पडायची. "हसायचे गं," आई म्हणाली. "तुझा बाप हसताना कसा दिसतो, मी इसरले होते. टीव्हीवर लोक बोलतात ते कळत न्हाय, भजनाला बसवत न्हाय, पारावर लोक हसले की हे मागनं हसतात. त्या डब्यात कुनी बोलत न्हवतं, म्हनून त्यांना त्यात समदं कळायचं."

मी त्याच दिवशी उठून अंबाडीची गाडी पकडायला हवी होती. नाही पकडली. गौतमदादासमोर काय तोंडानं उभी राहू, पत्रक माझ्या नावानं निघालंय, पोरं हसतील, असा विचार केला. मनाशी म्हटलं, खेळच तर आहे, होईल सवय. चाचा पुढच्या शुक्रवारी आले, त्याच्या पुढच्यालाही आले. चहा घेतला, दोन वाक्यं एकमेकांवर फेकली, भिंतीकडे बघत बसले. दोन माणसांनी एकमेकांजवळ बसायला मधे काहीतरी लागतं. बोलणाऱ्यांना बोलणं पुरतं, यांना ते नव्हतं. मग चाचांचं येणं लांबलं आणि बंद झालं. शेडमध्ये भेट व्हायची ती कामापुरती. आप्पा शुक्रवारी दुपारी झोपू लागले. माझ्या बापाला दुपारी झोपलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. आजारातसुद्धा नाही.

पावसाळा सरता सरता त्यांची शेड मालकानं विकायला काढली. लूम भंगारात चालले होते, एकेक कामगार सुटत होता. आप्पांना मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं. एका सकाळी मी सभेला निघाले होते, हातात पत्रकांचा गठ्ठा, आणि दारात अन्सारीचाचा. नवा सदरा, बगलेत गाठोडं. "अब्बा किधर?" मी म्हटलं, "ड्यूटी पे." त्यांना ओठांवरून कळलं असावं. "हम जा रहे हैं, बेटी. मुलुक. अब यहाँ काम नहीं." मी विचारलं, "कब आओगे?" त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही, मला उशीर झाला होता. म्हटलं, "बता दूँगी, चाचा." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. आणि मी सांगायला विसरले. दोन दिवस विसरले. तिसऱ्या दिवशी लाइट गेलेली असताना, भाकरी मोडता मोडता आठवलं आणि मी आप्पांच्या कानाशी ओरडले. त्यांनी घास ताटात ठेवला. "कवा?" "परवा." "परवा," ते म्हणाले, आणि ताट बाजूला सारलं.

दुसऱ्याच दिवशी मी अंबाडीला गेले. शेठचं घर नाक्यापासून आत, नवं कोरं दुमजली. शेठ नव्हते, काकी होत्या. मी विचारायच्या आधीच मला तो दिसला. बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात आमचा गेम, आणि त्याच्या शेजारी एकावर एक रचलेल्या कॅसेटी. दहा तरी असतील, सगळ्या विकत घेतलेल्या, बऱ्याचशांचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. माझ्या मांडणीप्रमाणे अख्ख्या तालुक्यात सगळ्यात जास्त खेळणारं घर हेच असायला हवं होतं. काकी म्हणाल्या, "आमच्याकं कोन खेलतंय? शेठ बाजारान गेलं का एक घेऊन येतान, पावन्यांना दाखवाला." मी अडखळत खरं काय ते सांगितलं. बाई हसल्या नाहीत. कपाट उघडलं, पदरानं डबा पुसला. "बापासाठी हाय ना? मंग ने की पोरी. त्या कॅसेटी पन ने. येवढ्या लांबशी आलीस, च्या पिऊन जा." इतकं सोपं होतं ते. चार महिने मी जे केलं नव्हतं ते एका चहाच्या वेळात झालं.

शुक्रवारी दुपारी मी स्वतः पिना लावल्या. आप्पा उठून बसले. टीव्ही लागला, रस्ता खाली खाली सरकू लागला. त्यांनी एक रिमोट उचलला, दुसरा उचलून शेजारी जाजमावर ठेवला, वायर गुंता होऊ नये म्हणून सरळ केली. मी तिथं बसणार होते, पण मला बसवलं नाही. ते खेळले. चांगलं खेळत होते, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. ट्रक चुकवताना खांदासुद्धा हलत नव्हता. एक गाडी गेली, दुसरी गेली. मग रस्ता चालू असतानाच त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पोरी, अन्सारीच्या गावाचा पत्ता घेतलास का गं? तू घरोघरचं लिवून आनतेस, म्हनून इचारतो."

टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच वाटलं होतं की माझ्याकडे असेल.

मी "नाही" म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. ते कान पुढं करून थांबले, आणि मग मला ते पुन्हा, मोठ्यानं, म्हणावं लागलं.